गठ्ठ्याची सुतळी सुटली

आमच्या तालुक्याच्या गावी पेपर सकाळी साडेनऊच्या एसटीने यायचा. कंडक्टर गठ्ठा खाली द्यायचा, विक्रेता स्टँडवरच उकिडवा बसून सुतळी कापायचा आणि एकेका अंकात पुरवणी सरकवायला लागायचा. वृत्तपत्राच्या भाषेत अशा अंकाला डाक आवृत्ती म्हणतात. गाडीला लांब जायचं असतं म्हणून तिची पानं लवकर लावतात, छपाईही लवकर उरकतात. त्यामुळे दिवस-रात्रीचा क्रिकेट सामना असला की आमच्या पेपरात धावफलक अर्धाच असे. त्याच नावाचा, त्याच तारखेचा पेपर पुण्यात पहाटे दारात पडलेला असे आणि त्यात निकालही असे. आम्हाला छापील निकाल दुसऱ्या दिवशी मिळे. गाव शहरापासून किती लांब आहे, ते बातमीच्या शिळेपणावरून कळायचं.

आता तो फरक उरलेला नाही. मंत्रालयात आणि बांधावर बातमी एकाच मिनिटाला पोचते. इंटरनेटमुळे काय बदललं असं विचारलं की बहुतेक जण हा वेगच सांगतात. ते खरं आहे, पण मला तो या बदलाचा सगळ्यात सोपा भाग वाटतो. त्या सुतळीने नुसता कागद बांधलेला नव्हता. बातमी शोधून आणण्याचा खर्च, तो भागवणाऱ्या जाहिराती, पहिल्या पानावर काय जाईल याचा निर्णय आणि चूक झाली तर कोणाला जाब विचारायचा त्याचं नाव, हे सगळं त्या एकाच गठ्ठ्यात होतं. इंटरनेटने सुतळी कापली आणि या गोष्टी वेगवेगळ्या हातांत गेल्या. त्या कुठे गेल्या ते समजून घेतलं, तर आज फोनवर बातम्या वाचताना जो गोंधळ वाटतो त्याचा बराचसा उलगडा होतो.

आधी छापण्याचंच घेऊ. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी. १८४० मध्ये ते बंद पडलं. तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षं, मराठीत ज्याला काही प्रसिद्ध करायचं असेल त्याच्याकडे छापखाना, कागद आणि टपालाचे पैसे असावे लागत, नाहीतर ते देणारा कोणी तरी शोधावा लागे. ही अट किती जाचक होती, ते ‘मूकनायक’च्या इतिहासात दिसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक काढलं, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि तरीही १९२३ मध्ये ते थांबलं. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं तेव्हा त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागत. सांगण्यासारखं अफाट होतं, ऐकण्याची गरज असलेले लोक लाखोंनी होते. कमतरता होती ती पैशाची.

आज ती अट गेली आहे. पाड्यावरची एखादी मुलगी शाळेच्या गळक्या छपराचा व्हिडिओ काढून कोणाचीही परवानगी न घेता तो जगापुढे ठेवू शकते. या लेखात पुढे मी बऱ्याच काळज्या मांडणार आहे, म्हणून हे आधीच ठामपणे लिहून ठेवते: बोलण्यासाठी छापखाना असावा लागत नाही, ही मराठी समाजाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. ‘मूकनायक’ पैशाअभावी बंद पडलेलं ज्याला माहीत आहे, तो जुन्या काळाकडे परत जाऊ या असं कधी म्हणणार नाही.

पण इंटरनेट आलं आणि मराठी लगेच त्यावर आली, असं झालं नाही. मधली काही वर्षं आपण विसरून गेलो आहोत. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. सुरुवातीचे क्रमांक इंग्रजी अक्षरांना वाटून झाले होते. मग मराठी छापायची कशी? त्यावर एक पळवाट निघाली. संगणकाला वाटत राहायचं की आपण इंग्रजी अक्षरंच साठवतो आहोत, आणि पडद्यावर मात्र त्या जागी देवनागरीची चित्रं दाखवायची. एका फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ असे, दुसऱ्यात तो भलतीकडेच असे. छापील पेपरासाठी यात काहीच अडचण नव्हती, कारण कागदावर शेवटी चित्रच उमटायचं असतं. श्रीलिपीसारख्या प्रणालींवर कित्येक छापखाने उत्तम चालले. संकेतस्थळं निघाली तेव्हा मात्र घोटाळा झाला. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट निराळा, तो आधी उतरवून घ्यायचा. घेतला नाही तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला घरचा पेपर तिथे त्याच सकाळी वाचता येऊ लागला, पण त्यासाठी त्याच्या संगणकात चार पेपरांचे चार फॉन्ट भरलेले असत.

त्याहून मोठं नुकसान शोधाचं झालं. गुगलवर ‘दुष्काळ’ लिहून शोधलं तर या बातम्या सापडतच नसत, कारण संगणकाच्या लेखी त्यांत ‘दुष्काळ’ हा शब्द कुठे नव्हताच.

यावरचं उत्तर युनिकोड. जगातल्या लिपींमधल्या प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक द्यायचा, फॉन्ट कोणताही असो. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ळ’चा २३५५. १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्या संगणकांत, कार्यालयांत आणि सवयींत ती रुजायला पुढे पंधराएक वर्षं गेली. मराठीच्या खास गरजा तर आणखी उशिरा पूर्ण झाल्या. ‘ॲप’ लिहायला लागणारा ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. हा तपशील कोरडा वाटेल, पण फोनवर मराठी बातमी शोधता येते, ती कोणालाही पाठवता येते, दृष्टिहीन वाचकाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती वाचू शकतं, ते या क्रमांकांमुळे.

पुढचा अडसर डेटाच्या किमतीचा होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांत इतर कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये पडत, म्हणून घरी जपून वापरायची वस्तू असल्यासारखा तो वापरला जाई. लिपीची आणि किमतीची अशा दोन्ही भिंती पडल्या आणि मराठी वाचक फोनवर आला.

आता पैशाकडे येऊ, कारण गोष्ट इथे खरी उलगडते. चार-पाच रुपयांना मिळणारा पेपर त्या किमतीत कधीच तयार होत नव्हता. कागद, शाई, वीज, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन यांतच ते पैसे संपून वर तूट येई. बातमीदाराचा पगार जाहिरातींमधून निघे. त्यात मोठा आधार होता तो छोट्या जाहिरातींचा: स्थळं, नोकऱ्या, जागा भाड्याने, जुनी स्कूटर विकणे आहे. रविवारचा अंक आमच्याकडे वडिलांच्या आधी माझ्या मोठ्या भावाच्या हातात जायचा, तो नोकरीच्या पानासाठी. ज्याला नोकरी हवी होती त्याने घेतलेल्या अंकावर नगरपालिकेत बसणारा बातमीदार पोसला जात होता. त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, त्यांना बांधणारा धागा फक्त गठ्ठ्याची सुतळी हाच होता.

इंटरनेटवर या जाहिरातींना वेगळी घरं मिळाली. नोकरी डॉट कॉम १९९७ मध्येच सुरू झालं, मग लग्नाची, जागेची आणि जुन्या वस्तूंची संकेतस्थळं आली. तिथे शोधायला सोपं आणि जागेला मर्यादा नाही. लोक तिकडे गेले ते बरोबरच केलं. फक्त जाताना बातमीदाराच्या पगाराचा एक हिस्साही तिकडे गेला.

मोठ्या जाहिरातींचं काय झालं ते समजायला एक उदाहरण घेऊ. एका कंपनीला नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर विकायचा आहे. पूर्वी कंपनीला तो ज्या पेपरात सापडेल त्या पेपरातच जाहिरात द्यावी लागे, म्हणजे कंपनीला शेतकऱ्यापर्यंत नेणारी वाट वृत्तपत्राच्या अंगणातून जाई. आता तुम्ही एखादं पान उघडलं की ते पूर्ण दिसायच्या आत पडद्यामागे एक लिलाव होतो. हा माणूस कुठला, अलीकडे काय शोधत होता, याचा अंदाज बांधून जाहिरातदारांच्या वतीने संगणक बोली लावतात, आणि जास्त बोलीची जाहिरात तुम्हाला दिसते. कंपनी पैसे मोजते ते त्या माणसासाठी. तो त्या वेळी सिंचन घोटाळ्याची बातमी वाचतोय की मांजराचा व्हिडिओ बघतोय याने तिला फरक पडत नाही, आणि मांजराचा व्हिडिओ बनवायला सहा महिने कागदपत्रं चाळावी लागत नाहीत. शिवाय लिलावाचा बाजार चालवणाऱ्यांचा वाटा वेगळा. बातमी पोचवणं जवळजवळ फुकट झालं, शोधणं मात्र पूर्वीइतकंच महाग राहिलं, आणि पैसा वळला तो पोचवणाऱ्यांकडे.

याचे परिणाम मथळ्यांवर उघड दिसतात. कागदावर उपसंपादकाचं कसब हे की कमीत कमी अक्षरांत पूर्ण बातमी सांगायची. ‘कोयनेचे दरवाजे उघडले’ एवढं वाचून कृष्णाकाठच्या माणसाला काय करायचं ते कळत असे. पेपर विकत घेतलेला असायचा, त्यामुळे मथळ्यातच सगळं सांगून टाकायला कोणाची हरकत नव्हती. संकेतस्थळाला मात्र तुम्ही बातमी उघडलीत तरच जाहिरातीचे पैसे मिळतात, म्हणून मथळ्याचं काम उलटं झालं. ‘राज्यातील ‘या’ धरणाचे दरवाजे उघडले, ‘या’ गावांना इशारा, जाणून घ्या सविस्तर.’ अवतरणचिन्हांत घातलेला हा ‘या’ मराठी पत्रकारितेत अलीकडे जन्माला आलेला शब्द आहे. बातमीतला नेमका महत्त्वाचा शब्द काढून त्या भोकावर तो झाकण म्हणून बसवतात. पुराच्या इशाऱ्यात गावाचं नाव लपवायचं, हे मला अजूनही सहन होत नाही. ते लिहिणाऱ्या मुलामुलींना मी दोष देत नाही. दिवसाला ठरावीक बातम्या आणि ठरावीक वाचनसंख्या भरायची असेल तर दुसरं काय करणार?

गठ्ठ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे क्रम. पहिल्या पानावर कोणती बातमी, आठ कॉलमी कोणती, पाचव्या पानाच्या तळाशी कोणती, हे रात्री बैठकीत ठरे. त्यात पूर्वग्रह असत, जातीचे, शहराचे आणि मालकाचे हितसंबंधही असत. ‘मूकनायक’ काढावं लागलं ते त्यामुळेच. तरी तो क्रम सगळ्यांना सारखाच दिसे आणि म्हणून त्यावर भांडता येई: ही बातमी आत का टाकली, असं संपादकाला पत्र लिहिता येई. आता तुमच्या फोनवरचा क्रम तुमच्या मागच्या वागण्यावरून एक गणित ठरवतं. तुमच्या शेजाऱ्याच्या फोनवर दुसरंच पहिलं पान आहे आणि ते तुम्हाला कधीही दिसणार नाही. जे दिसतच नाही त्यावर भांडायचं कसं?

आणि मग नावाची गोष्ट. पेपराच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, संपादक अमुक, छपाईचं ठिकाण अमुक. कायद्यानुसार हा संपादक मजकुराला जबाबदार. मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची सक्ती १८६७ च्या कायद्यात होती, संपादकाचं नाव त्यात पुढे जोडलं गेलं. नियतकालिकांपुरती त्याची जागा आता २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. इंग्रजांना छापखान्यांवर नजर ठेवायची होती म्हणून ती ओळ आली, पण वाचकालाही तिने एक हमी दिली. खोटं छापलं तर कोणाच्या दारात जायचं ते माहीत असे.

व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या मजकुराला ही ओळ नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या भागातल्या फोनांवर पसरली होती. तो संदेश पहिल्यांदा कोणी लिहिला? ज्याने पुढे पाठवला तो फक्त पाठवणारा. त्याला वाटलं, सावध केलेलं बरं. अशा प्रकारे प्रत्येक जण थोडासा प्रकाशक झाला आणि संपादक कोणीच झालं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पूर्वी पेपरात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच वाचकांसमोर खुलासा येई. इथे खुलासा पाठवायचा कोणाला, कारण अफवा कोणाकोणाकडे गेली याची यादी कोणाकडेच नाही.

मग सरकारने खरं-खोटं ठरवावं का? केंद्राने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवणारा स्वतःचा तपासणी कक्ष आणायचं ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली. मला तो निकाल योग्य वाटतो. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी हे ठरवायचं, यात वाचकाचं रक्षण कुठे आहे?

वाचकाच्या हाती मात्र एक साधन आलं आहे आणि त्याचा वापर आपण फार कमी करतो. पूर्वी शासन निर्णयात नेमकं काय लिहिलंय हे मंत्रालयात ओळख असलेल्यालाच कळे. आता जीआर सरकारच्या संकेतस्थळावर असतो आणि त्याच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांब संकेतांक दिलेला असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे पाहिले की साल, महिना आणि तारीख ओळखता येते. एखाद्या योजनेचं परिपत्रक गटावर आलं, तर तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघायला दोन मिनिटं पुरतात. न्यायालयांचे निकाल आणि हवामान खात्याचे इशारे असेच मुळातून वाचता येतात. लासलगावचा कांद्याचा भाव कळायला उद्याच्या पेपराची वाट पाहावी लागत नाही. लिलाव चालू असतानाच तो फोनवर येतो, आणि गाडी भरायची की कांदा चाळीत साठवून ठेवायचा हे शेतकरी त्यावर ठरवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ते शेतकऱ्यांना त्याच दिवशी समजलं. पण त्या शुल्काने नक्की कोणाचा फायदा झाला, हे कुठल्याही अधिसूचनेत लिहिलेलं नसतं. ते शोधायला कोणाला तरी बाजार समितीत जाऊन दहा जणांशी बोलावं लागतं, आणि पुन्हा गाडी त्याच्या पगारापाशी येऊन थांबते.

तालुक्याच्या ठिकाणी हा पगार कसा असतो ते पाहिलं आहे. बहुतेक वार्ताहर मानधनावर असतात, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्यांनाच जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्या सरपंचाकडे जाहिरात मागायची त्याच्या रस्त्याच्या कामाची बातमी कशी करणार? ही दुखरी जागा इंटरनेटच्या आधीपासूनची आहे, पण जाहिराती आटल्यावर ती जास्त चिघळली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईतले पेपर काही दिवस छापलेच गेले नाहीत. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी अंक टाकायलाही मनाई केली, मग ती मुंबई-पुण्यापुरती आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती ठेवली. त्या काळात अख्खा पेपर पीडीएफ होऊन गटागटांतून फुकट फिरला. वाचक सुटला नाही, पैसे देण्याची सवय सुटली.

काही देशांनी यावर कायद्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये गुगल-फेसबुकसारख्या मोठ्या कंपन्यांना वृत्तसंस्थांशी मोबदल्याची बोलणी करायला भाग पाडणारा कायदा आणला, तेव्हा फेसबुकने तिथे काही दिवस बातम्याच बंद केल्या आणि मग तडजोड केली. कॅनडाच्या २०२३ च्या अशाच कायद्यानंतर फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथल्या लोकांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणं थांबवलं, गुगलने मात्र वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं मान्य केलं. आपल्याकडे वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलच्या चौकशीचा आदेश दिला. दुसरा मार्ग थेट वाचकांकडे जाण्याचा. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ ग्रामीण भारतावरचे सविस्तर लेख मराठीसह अनेक भाषांत, जाहिरातींशिवाय आणि विनामूल्य देतं. ते देणग्यांवर चालतं. वर्षाला एखाद्या हॉटेलच्या बिलाइतके पैसे आपल्या जिल्ह्यातल्या धडपडणाऱ्या बातमीदाराच्या कामासाठी द्यायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न मी घरात रोज विचारते. मी स्वतः दोन ठिकाणी वर्गणी भरते आणि एक छापील अंक अजून घेते.

एका गोष्टीची मात्र फार कमी लोक काळजी करतात. १८८१ मधल्या ‘केसरी’च्या अंकातली अक्षरं आजही वाचता येतात. छापील वृत्तपत्राचा अंक ठरावीक ग्रंथालयांना पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तो कुठे तरी बांधून ठेवलेला सापडतो. संकेतस्थळावरच्या बातमीचं असं नाही. ती गुपचूप बदलता येते, काढता येते, आणि संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने दुवे मरतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने १९९६ पासून जगभरची पानं साठवली आहेत, त्यांत मराठीही आहेत. मध्यंतरी मी तिथे साधारण वीस वर्षांपूर्वीचं एक मराठी पान उघडलं. पान जसंच्या तसं होतं, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांच्या ओळीच्या ओळी आल्या. मधूनमधून आकडे तेवढे ओळखू येत होते. अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, फक्त मूळ फॉन्ट कोणता होता ते सांगावं लागतं. ते ज्यांना पाठ होतं ती पानं लावणारी माणसं आता निवृत्त होत आहेत.